मदत हवी आहे : नळी अरुंद केल्यावर वस्तुमान प्रवाह दर कमी का झाला?

नमस्कार. मी द्रवगतिकीचा अभ्यास स्वतःहून करत आहे आणि सांतत्य समीकरणापाशी अडलो आहे. घनता, छेदाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजेच वस्तुमान प्रवाह दर (सेकंदाला वाहणारे वस्तुमान), नळीच्या प्रत्येक छेदावर सारखाच राहतो, हे मला मान्य आहे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि वेग चौपट होतो, हेही मी अनेक उदाहरणांत सोडवले आहे.

माझी अडचण एका प्रयोगातून निर्माण झाली. पाण्याची पातळी कायम राखलेल्या टाकीतून निघणाऱ्या ५० मिलिमीटर अंतर्गत व्यासाच्या लांब नळीने २० लिटरचे भांडे ७ सेकंदांत भरले, म्हणजे वस्तुमान प्रवाह दर सेकंदाला सुमारे २.८६ किलोग्रॅम होता. त्यानंतर नळीच्या मधोमध २५ मिलिमीटर व्यासाचा छोटा तुकडा बसवला, तेव्हा तेच भांडे भरायला १० सेकंद लागले. गळती कोठेही नव्हती आणि तीन वेळा मोजूनही उत्तर तेच आले. वस्तुमान प्रवाह दर बदलत नसेल, तर तो २.८६ वरून २ वर कसा आला? अरुंद भागातील वेग मी कोणत्या आकड्यावरून काढावा? आणि नळीत पाण्याऐवजी हवा असती, तर हाच हिशेब चालला असता का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमचे मोजमाप बरोबर आहे आणि समीकरणही बरोबर आहे. चूक आहे ती तुलनेत. सांतत्य समीकरण एकाच वेळी, एकाच स्थिर प्रवाहातील दोन छेदांची तुलना करते. तुकडा बसवण्यापूर्वीचा प्रवाह आणि नंतरचा प्रवाह हे दोन निरनिराळे प्रवाह आहेत, आणि ते सारखे असावेत असे हे समीकरण कोठेही म्हणत नाही. ही गफलत फार जणांची होते, कारण पुस्तकी उदाहरणांत प्रवाह दर आधीच दिलेला असतो आणि तो कशामुळे ठरतो हा प्रश्न पुढे येतच नाही.

तुमच्या मांडणीत तो टाकीतील पाण्याच्या उंचीमुळे आणि वाटेतील एकूण अडथळ्यामुळे ठरतो. उंची तीच राहिली, पण अरुंद तुकड्यातील घर्षण आणि त्यातून बाहेर पडताना उठणारे भोवरे यांत जास्त ऊर्जा खर्च होऊ लागली, म्हणून संपूर्ण नळीतलाच प्रवाह मंदावला. टाकीऐवजी दट्ट्याचा पंप असता, तर तो प्रत्येक फेरीला ठरावीक पाणी ढकलत असल्यामुळे प्रवाह जवळजवळ तेवढाच राहून पंपावरचा दाब वाढला असता.

म्हणून वेग नव्या आकड्यावरूनच काढावा. सेकंदाला २ किलोग्रॅम धरल्यास रुंद भागात वेग सेकंदाला सुमारे १.०२ मीटर आणि अरुंद भागात सुमारे ४.०७ मीटर येतो. चौपटीचे गुणोत्तर टिकले आहे, हे पाहावे.

हवेच्या बाबतीत घनता गृहीत धरता येत नाही. सारख्याच व्यासाच्या नळीत, दाब जवळजवळ कायम असताना, हवा २० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांपर्यंत तापवली तर तिचा वेग सुमारे १.२ पट होतो. व्यास बदललेला नसतो, घनता मात्र घटलेली असते. वस्तुमान प्रवाह दर तेथेही सारखाच राहतो, घनफळ प्रवाह दर राहत नाही.

शक्य असल्यास अरुंद तुकडा टाकीजवळ हलवून त्यावर आणि त्याच्या अलीकडील रुंद भागावर एकेक उभी पारदर्शक नळी जोडा. अरुंद भागात वेग वाढल्यामुळे दाब कमी होतो आणि तो फरक या दोन नळ्यांतील पाण्याच्या पातळीवरून दिसतो. तुकडा बाहेरच्या टोकाजवळ असेल, तर त्यातील दाब वातावरणाच्या दाबाखाली जाऊन उभ्या नळीतून हवा आत खेचली जाऊ शकते. प्रवाह सेकंदाला २ किलोग्रॅम असताना घर्षण वगळून दाबातील फरक ७.८ किलोपास्कल, म्हणजे पाण्याच्या पातळीत सुमारे ७९ सेंटिमीटर येतो. प्रत्यक्षात तो थोडा जास्तच दिसेल. जागा बदलल्यावर प्रवाह पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे येथे कळवा.