कालोची चित्रं हा कोमेडियाचा पुरावा आहे का?

रंगपेटी
कोमेडिया देल्लार्ते, म्हणजे १६व्या शतकात इटलीत उभं राहिलेलं मुखवट्यांचं विनोदी नाटक. त्यावर काहीही वाचायला घ्या, सोबतचं चित्र ठरलेलं असतं: १७व्या शतकातला चित्रकार जाक कालो याच्या 'बाल्ली दि स्फेसानिया' या चित्रमालिकेतली लांब नाकांची माणसं, टोपीत पिसं, गुडघे वाकलेले, कमरेला पीळ. नट असेच दिसत, असं आपण धरून चालतो. मला हे अजिबात पटत नाही. 'बाल्ली' म्हणजे नाच, आणि स्फेसानिया हा नेपल्सकडचा नाच. कालो १६२१ मध्ये फ्लॉरेन्स सोडून आपल्या गावी, नान्सीला परतला आणि ही २४ छोटी एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं) त्याने तिथे केली. नाचणाऱ्यांची चित्रं नाटकाच्या नावावर खपवणं थांबायला हवं.

झान्नीप्रेमी
साफ असहमत. या नाटकाचं कागदावर उरलंय काय? फ्लामिनिओ स्काला या नटाने १६११ मध्ये ५० कथानकं छापली. त्यात कोण कधी येतो, कोण कोणाला फसवतो, एवढंच. संवाद नट ऐनवेळी रचत. अंग कसं टाकायचं, हे त्यात सापडत नाही. चित्रं बाजूला सारली तर हाती राहतं काय? आणि कालोचं शीर्षकचित्र नीट पाहा: मंच, पडदा, त्या पडद्याआडून डोकावणारे चेहरे. हे नाटकवाल्यांचंच जग आहे.

रंगपेटी
मंच आहे, मान्य. पण कालोची रेघ बघा. त्याच्या हत्याराने ती फुगते, मग निमुळती होते. तो डौल नटाच्या पाठीचा की रेघेचा, हे कसं ओळखणार?

वरचा मजला
दोघांनीही लांड्सहुटचा जिना विसरू नये. जर्मनीत बव्हेरियातल्या या गावच्या ट्राउस्निट्स किल्ल्यात १५७०च्या दशकात एक अख्खा जिना कोमेडियातल्या पात्रांच्या चित्रांनी रंगवला. त्याला 'विदूषकांचा जिना'च म्हणतात. मी तो चढले आहे. पान्तालोने (म्हातारा कंजूष व्यापारी) आणि झान्नी (विनोदी नोकर) जवळजवळ माणसाएवढे, भिंतीवरून आपल्यासोबत पायऱ्या चढतात. वळणावर एकदम समोर आले तेव्हा मी थबकलेच. किल्ल्यात राहणाऱ्या राजपुत्र विल्हेल्मच्या १५६८च्या लग्नसोहळ्यात म्युनिकला असं नाटक झालं होतं. खेळ पाहिलेल्या घरातलं चित्र माझ्या लेखी जास्त वजनदार.

झान्नीप्रेमी
पण त्या खेळात पान्तालोनेचं काम कोणी केलं? ओरलांदो दि लास्सोने, दरबारच्या संगीतकाराने! पोटासाठी गावोगाव फिरणारा नट तो नव्हे. दरबारी हौशी मंडळींच्या आठवणीतली चित्रं पुरावा, आणि कालोची नाहीत? हा कुठला न्याय?

वरचा मजला
मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच फोसार संग्रहातली १६व्या शतकातली छापचित्रंही शेजारी ठेवा. त्यात हार्लेक्विन या नोकराच्या अंगावर वेडीवाकडी ठिगळं आहेत. पुढच्या काळातल्या चित्रांत त्यांचेच पत्त्यांतल्या चौकटसारखे नीटस तुकडे झाले. गरीब नोकराचा फाटका अंगरखा हळूहळू गणवेश झाला, हे मला चित्रं ओळीने लावल्यावरच कळलं.

रंगपेटी
ओळीने लावायला माझी कधीच हरकत नव्हती. एकट्या कालोवर सगळा भार टाकायला आहे. त्याचं चित्र जरूर छापा, पण खाली स्पष्ट लिहा: नेपल्सचा नाच, नान्सीत केलेलं एचिंग, सुमारे १६२२.