मदत हवी आहे : गाठ टणक, पेशी मऊ, मग हाताच्या मसाजने कॅन्सर पसरतो का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या ताईचा आहे, विचारतेय मी.

गेल्या आषाढात तिला अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. तिने माझं बोट धरून तिथे ठेवलं. चिंचोका असावा तशी टणक, कडा वेड्यावाकड्या, ढकललं तरी जागची हलेना. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आणि आत्याने हाय खाल्ली. "सुई लावली की फुटतं नि अंगभर पसरतं." त्या एका वाक्यापायी आमचे सहा आठवडे गेले. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारी मी, आणि मीही गप्प बसले. ते अजून सलतं.

पुढे ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. काखेतल्या दोन लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) कॅन्सर निघाला होता. आता गोळ्या चालू आहेत, तपासण्या ठीक आहेत. पण डावा हात सुजतो, संध्याकाळपर्यंत बांगडी रुतायला लागते. फिजिओथेरपिस्टने बोटांकडून खांद्याकडे हलका मसाज शिकवलाय. ताई हात लावू देत नाही. परवा म्हणाली, "तू फिजिक्स शिकवतेस ना, मग सांग. दाबल्यावर आत राहिलेली एखादी पेशी सुटून पुढे जाते का?"

मी वाचायला बसले आणि जास्तच गोंधळले. २००५ साली कॅन्सर-संशोधक व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने उंदरांच्या स्तनग्रंथींचा ताठपणा मोजला : निरोगी ग्रंथी साधारण १७० पास्कल (दाब आणि ताठपणा मोजायचं एकक), गाठ ४,००० च्या आसपास. म्हणजे कॅन्सर टणक. मग २००७ चं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं काम सापडलं. रुग्णांच्या छातीत साठलेल्या पाण्यातल्या पेशी त्यांनी अतिसूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्या, तर कॅन्सरच्या पेशी शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ! दोन्ही खरं कसं?

मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मसाजइतक्या जोराने तीन बोटं टेकवली. ३०० ग्रॅम. बोटांखालचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर धरलं तर जवळजवळ ५,००० पास्कल होतात. गाठीच्या ताठपणापेक्षाही जास्त! हा आकडा मी ताईला सांगितलेला नाही.

कुणी या विषयात काम करणारं असेल तर कृपया समजावून सांगा. डॉक्टरांनी "काही होत नाही, करा" म्हटलंय आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण ताईला "का" हवंय.

– कृष्णाकाठ

*

कृष्णाकाठ, आधी सर्वांत महत्त्वाचं. उपचार पूर्ण झालेल्या, आजार सध्या कुठे दिसत नसलेल्या बाईला शिकवल्याप्रमाणे हलका मसाज केल्याने कॅन्सर पसरतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला किंवा नवीन गाठ हाताला लागली, तर मात्र मसाज थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

मी पेशींच्या यांत्रिकीवरच काम करते, त्यामुळे "का" सांगायचा प्रयत्न करते.

तुमचा आकडा बरोबर आहे, तुलना चुकली आहे. बोटाचा दाब पास्कलमध्ये आणि ताठपणाही पास्कलमध्ये, म्हणून आपण ते शेजारी मांडतो. पण ताठपणा म्हणजे पदार्थ किती वाकेल याचं माप. तो ओलांडला की काहीतरी तुटतं, असा तो उंबरठा नव्हे. १२० चा रक्तदाब म्हणजे १६,००० पास्कल. ताईंच्या धमन्या प्रत्येक ठोक्याला तेवढा सोसतात.

आता टणक आणि मऊ. तुमच्या बोटाला जो चिंचोका लागला तो पेशींचा टणकपणा नव्हता, पेशींभोवतीच्या जाळ्याचा होता. निरोगी स्तनात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू सुतळीच्या सैल गुंत्यासारखे असतात. गाठीत लायसिल ऑक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) त्यांना एकमेकांशी सांधत जातं आणि त्याच सुतळीचा पीळदार दोर होतो. हे विकर रोखलं तर जाळं मऊ राहतं आणि गाठी कमी होतात, हे २००९ मध्ये उंदरांत दिसलं. वीव्हर यांच्याच कामातली मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळी आहे. स्तनाच्या कॅन्सर नसलेल्या पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या की त्या गोल, पोकळ, शहाण्या रचनेत बसतात. जेल ताठ केलं की तीच रचना बिघडते, पेशी पसरू लागतात. पेशी बदलली नाही, तिच्याखालची जमीन बदलली.

म्हणजे पेशी परिसराचा ताठपणा चाचपून पाहते. इंटिग्रिन नावाच्या रेणूंनी ती तंतूंना धरते आणि ओढते. ओढ लागली की आतले स्नायूसारखे धागे आणखी आवळतात. त्या ओढीने तंतू गाठीच्या कडेशी काटकोनात सरळ होतात, जणू गावाबाहेर निघणाऱ्या पायवाटा. पॅट्रिशिया कीली यांच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाने या वाटा दाखवल्या. पुढे, ज्या बायकांच्या गाठीत त्या दिसतात त्यांचा आजार उलटण्याची शक्यता जास्त, असंही आढळलं.

पेशीचा मऊपणा कामाला येतो तो या वाटांवर. उंदराचं डोकं शिरलं की अंग शिरतं, असं आपण म्हणतो. पेशीचं डोकं म्हणजे केंद्रक, तिचा सर्वांत ताठ भाग. फट दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर केंद्रक अडकतं. ते पिळवटून निघताना त्याचं आवरण फाटतं, डीएनएला इजा होते, आणि पेशी ते आवरण पुन्हा सांधते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या आणि पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या गटांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहिलं. ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही.

एक पुस्ती. सगळ्याच कॅन्सर-पेशी मऊ नसतात. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या गटाने २०१२ मध्ये स्तनाच्या बायोप्सीच्या तुकड्यांचा ताठपणा जागोजागी मोजला, तेव्हा एकाच गाठीत मऊ आणि ताठ दोन्ही भाग निघाले.

ताईंना एवढंच सांगा : पेशी बोटाच्या दाबाने डाळिंबाच्या दाण्यासारखी सुटून जात नाही. ती धरते, ओढते, आकुंचते, स्वतः वाट काढते, आणि रक्तात पोचलेल्यांपैकी बहुतेक मरतात. उरलेलीला रुजायला मानवणारी जमीन लागते. इंग्लिश सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरबद्दल बी आणि जमीन हीच उपमा वापरली होती. आत्यांच्या सुईचंही तसंच. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सांडू शकतात, पण त्यामुळे बायकांचं आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. सुई टाळून उपचार लांबले तर घटतं.

– निळीशाई

*

माझ्या आईलाही हाच त्रास होता. आमची गाडी मसाजपेक्षा स्लीव्हने (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) रुळावर आली. पण स्लीव्ह मोजून घ्या, अंदाजाने घेतलेली मनगटाशी काचते. त्या हाताची त्वचा जपा. डास चावून लाल झालं तरी दाखवा.

– पारिजातक

*

निळीशाई, तुमचा प्रतिसाद ताईला मोठ्याने वाचून दाखवला. पीळदार दोरापाशी तिने थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. केंद्रक फाटतं तिथे म्हणाली, "म्हणजे तिलाही सोपं नाही." मग उशी मांडीवर घेतली आणि हात त्यावर ठेवला. दहा मिनिटं केलं, मनगटाकडून सुरुवात न करता आधी खांद्याजवळ, पण प्रत्येक वेळी बोटं फिरवली ती खांद्याच्याच दिशेने, शिकवलं होतं त्याच क्रमाने. पास्कलचा आकडाही सांगून टाकला.

आत्याला उद्या फोन करणार आहे. तिच्या धाकट्या सुनेला गाठ लागलीय आणि अजून कुणाला दाखवलेली नाही.

पारिजातक, सांगली-मिरजेत स्लीव्ह मोजून कुठे मिळते? पुण्याला जायची तयारी आहे, पण जवळ मिळाली तर ताईचा प्रवास वाचेल.

– कृष्णाकाठ