निनवेला दिलेला इशारा खोटा ठरला का?

गटचालक: बायबलमध्ये योना संदेष्टा निनवे या अश्शूरी नगरीला देवाचा इशारा देतो. योना ३:४ मध्ये ‘चाळीस दिवसांनी निनवे उलथून जाईल’ एवढंच आहे. ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. चाळीस दिवस गेले आणि काहीच झालं नाही. देवाचा इशारा न मानण्याचे परिणाम शिकवताना हा उतारा घ्यावा का? गटातले काही म्हणतात देवाने नुसती भीती घातली. काहींचं दुसरं टोक : कुणावर संकट आलं की ‘इशारा धुडकावला असणार’. दोन्ही खटकतं.

मूळपाठ: घ्या, पण आधी यिर्मया १८:७-१० वाचा. एखादं राष्ट्र उपटून टाकीन असं देव म्हणाला आणि ते वळलं, तर तो ते अरिष्ट आणत नाही, असा नियमच तिथे सांगितला आहे. योनात ‘जर’ नसला तरी मुदत आहे. नाशच करायचा तर चाळीस दिवस कशाला? शिवाय ‘उलथणे’चं हिब्रू क्रियापद उत्पत्ती १९:२५ मध्ये सदोम या नाश झालेल्या नगरासाठी आहे तेच, आणि त्याचा अर्थ ‘पालटणे’ असाही होतो. निनवे पालटलं, म्हणजे तिथले लोक वाईट मार्गातून वळले. (पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये पडलं, ती गोष्ट वेगळी.)

न ऐकण्याचं उदाहरण हवं तर यिर्मया ३६. नववा महिना, यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळी वाड्यात, पुढ्यात शेगडी पेटलेली. यिर्मया संदेष्ट्याचे इशारे लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवली जाते. गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापून विस्तवात टाकतो. असं करत अख्खी गुंडाळी संपते. तिघे सरदार ‘जाळू नका’ म्हणून विनवतात, तो दाद देत नाही. त्याचा बाप योशीया याने नियमशास्त्र ऐकून वस्त्रं फाडली होती (२ राजे २२:११). इथे कुणी फाडली नाहीत, हे ३६:२४ मुद्दाम नोंदवतं. लगेच झालं काय? यिर्मयाने सांगून आपला लेखक बारूख याच्याकडून दुसरी गुंडाळी लिहवली, पहिल्यातलं सगळं आणि वर आणखी भर. यहूदाची राजधानी यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं ते साधारण १७ वर्षांनी. वेढा पडलेला असतानाही तेव्हाचा राजा सिद्कीया याला वाट दाखवली होती : शरण जा, शहर जळणार नाही (३८:१७). तो घाबरला तो आपल्याच लोकांच्या कुचेष्टेला.

निर्गमवाचक: मिसरावर आलेल्या पीडांपैकी गारांची पीडाही घ्या, निर्गम ९:१८-२१. ‘उद्या याच वेळी’ अशी वेळ दिली आहे, आणि गुरं-माणसं आत घ्या हा उपायही. मिसरचा राजा फारो, त्याच्याच सेवकांपैकी ज्यांनी वचनाची धास्ती घेतली त्यांनी गुरं घरात आणली. बाकीच्यांची रानात राहिली. म्हणजे इशारा फक्त इस्राएलासाठी नव्हता.

‘देवानेच फारोचं मन कठीण केलं, मग त्याचा दोष काय?’ हा प्रश्न येणारच. क्रम दाखवा. देव तसं करणार हे ४:२१ मध्ये आधीच सांगितलंय, हे लपवू नका. पण प्रत्यक्ष पीडांच्या वर्णनात ‘परमेश्वराने कठीण केलं’ हे शब्द प्रथम ९:१२ ला, सहाव्या पीडेत येतात. त्याआधी ८:१५ आणि ८:३२ मध्ये फारो स्वतःच मन कठीण करतो.

गटचालक: आणि आज कुणी ‘देवाने तुझ्यासाठी इशारा दिलाय’ म्हणालं तर?

बिरुयावासी: १ थेस्सलनीकाकरांस ५:२०-२१ : संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. पारख म्हणजे हे पाहायचं की तो शास्त्राशी जुळतो का, आणि त्यात वळायला जागा आहे का, की सांगणाऱ्याच्या मागं चालण्याचा नुसता दबाव. पैसे मागितले तर तिथेच थांबा.

खरा इशाराही दर वेळी ‘जाऊ नको’ असा हुकूम नसतो. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये अगब नावाचा संदेष्टा प्रेषित पौलाचा कमरबंद घेऊन आपलेच हातपाय बांधतो आणि यरुशलेमात काय होणार ते सांगतो. मंडळी रडतात, पौल तरी जातो, आणि त्याला कुणी अवज्ञा म्हणत नाही. उलट अध्याय २७ मध्ये पौल ‘पुढचा प्रवास धोक्याचा’ असं सांगतो, पण शताधिपती (रोमी सैन्याचा अधिकारी) पौलापेक्षा तांडेलाचं ऐकतो. माल गेला, गलबत फुटलं, पण २७६ जण वाचले.

संकटावरून पाप ओळखणाऱ्यांना लूक १३:४ वाचायला द्या : शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते इतरांहून जास्त अपराधी होते का? येशू ‘नाही’ म्हणतो, आणि त्याच दमात ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. लगेच पुढे अंजिराचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, आळं खणून खत घालीन म्हणतो. पुढच्या हंगामात काय झालं ते लूक लिहीत नाही. गटात तो भाग तिथेच सोडा.