प्लॉट 17 च्या विक्रीवरून लेआउटच्या ग्रुपवर झालेली चर्चा

प्लॉट 17: सर्वांना नमस्कार. बाबा गेल्यावर आम्ही भावंडांनी गोव्यातल्या फोंड्याचा रिकामा प्लॉट विकायचं ठरवलं आहे. मी पुण्यात, ताई दुबईत, आईला एकटीने ये-जा जमत नाही. एजंटने गिऱ्हाईक आणलं आहे, तो टोकन द्यायला तयार आहे. आपल्या प्लॉटधारक संघटनेचे खजिनदारकाका म्हणाले की वर्गणीची थकबाकी, त्यावरचं व्याज आणि विक्रीच्या किमतीवर 1 टक्का ट्रान्सफर फी भरल्याशिवाय संघटनेची एनओसी मिळणार नाही. एनओसीशिवाय विक्रीचं डीड होतच नाही का?

प्लॉट 22, खजिनदार: फोनवर बोललो तेच इथे लिहितो, म्हणजे गैरसमज नको. तुमच्या बाबांनी शेवटची वर्गणी भरली त्याला 9 वर्षं झाली. मधल्या काळात रस्ता डांबरी झाला, दिवे बसले, गटार बांधलं. दरवर्षी चवथीआधी तुमच्या प्लॉटातलं रान आम्ही मजूर लावून कापतो, नाहीतर शेजारच्या घरात साप शिरतात. हे पैसे इथे राहणाऱ्यांनी काढले. डीड झाल्यावर तुम्ही फोन उचलला नाही तर मी कुणाकडे जाऊ?

प्लॉट 17: काका, भरणार नाही असं मी म्हटलेलंच नाही. आकडा कसा आला तो लेखी द्या, एवढंच मागतोय.

प्लॉट 12: आमच्या नणंदेचा प्लॉट मडगावला सोसायटीत होता, तिथे एनओसी लागली होती.

प्लॉट 8, वकील: ताई, ती सहकारी सोसायटी असणार. तिथे 2001 चा गोवा सहकारी संस्था कायदा लागतो. आपली संघटना 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आहे आणि प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचं सेल डीड आहे. जमीन मालकाची. सब-रजिस्ट्रार आपली एनओसी मागत नाही, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 प्रमाणे विकण्यावर पूर्ण बंदी घालणारी अट टिकत नाही. त्यामुळे एनओसी नाही तर विक्री नाही, असं आपण कुणालाच सांगू नये. खजिनदारांनाही हे मी मोकळेपणाने सांगते.

पण भाऊ, एवढं वाचून तुम्ही निवांत होऊ नका. त्याच कायद्याचं कलम 55 म्हणतं की मालमत्तेत किंवा टायटलमध्ये महत्त्वाचा दोष तुम्हाला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला तो सहज कळणारा नसेल, तर तुम्ही तो सांगायलाच हवा. बाबांच्या डीडची शेवटची पानं काढून बघा. आपल्या सगळ्यांच्या डीडमध्ये तेच आहे: प्लॉट राहत्या घरासाठीच, संघटनेचं सभासदत्व घ्यायचं, वर्गणी भरायची. वापरावरचं बंधन माहीत असून जो प्लॉट घेतो, त्याच्यावरही कलम 40 प्रमाणे ते लागू करता येतं. पैशाची बाकी मात्र जमिनीबरोबर आपोआप पुढच्या मालकाकडे जात नाही, ती जुन्या सभासदाकडूनच वसूल करावी लागते. खजिनदारांची काळजी खरी आहे ती याचमुळे.

प्लॉट 22, खजिनदार: तेच तर मी म्हणतोय.

प्लॉट 8, वकील: हो, पण त्यावर उपाय एनओसी अडवून ठेवणं नव्हे. बिल द्या, वर्षवार हिशेब द्या. आणि आणखी एक स्पष्ट सांगते, कारण ते लपवून ठेवणं बरोबर नाही: अशा पैशासाठी कोर्टात दावा करायची मुदत साधारण 3 वर्षांची असते. सभासदाने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली असेल तर गोष्ट वेगळी. 9 वर्षांची बाकी आपण कोर्टातून मिळवू शकू असं मला वाटत नाही. भाऊ, तुम्ही त्याचा फायदा घ्यायचा की नाही हे तुमच्यावर. माझं मत विचाराल तर मूळ वर्गणी सगळी भरावी. प्लॉटला आज जो भाव मिळतोय त्यात त्या रस्त्याचाही वाटा आहे.

प्लॉट 17: वहिनी, मूळ रक्कम पूर्ण देऊ. व्याज आणि तो 1 टक्का मात्र समजत नाही.

प्लॉट 3, सचिव: रात्री मिनिट्स बुक काढून बसलो होतो. ट्रान्सफर फीचा ठराव सापडला. त्यात ठरावीक रक्कम आहे, टक्केवारी नाही. टक्केवारीचा विषय नंतरच्या एका सभेत बोलला गेला, पण मतदान झाल्याची नोंद नाही. बायलॉजमध्येही बदल केलेला नाही. त्यामुळे ठरावातली रक्कम तेवढी घ्यायची. फोटो टाकतोय.

प्लॉट 22, खजिनदार: बघितलं. ठीक आहे, ठरावाप्रमाणे. पण पुढच्या सभेत हा विषय घ्या. रस्त्याची पुढची दुरुस्ती कुठून करणार?

प्लॉट 5: भाऊ, तुझ्या बाबांबरोबर मी या लेआउटचे हद्दीचे दगड रोवले आहेत. पैशाचं काय ते तुम्ही बघाल. मला विचारायचंय ते हे: घेणारा घर बांधून राहणार का? एजंट परवा दोन माणसांना घेऊन आला होता. स्विमिंग पूलवाला व्हिला आणि पर्यटकांना भाड्याने, असं त्यांचं बोलणं मी ऐकलं. मे महिन्यात इथल्या विहिरी किती खाली जातात ते तुला आठवत असेल. आपला रस्ता अरुंद, पोरं तिथेच खेळतात.

प्लॉट 12: हो ना. विकायला कुणाची हरकत नाही. पण रोज रात्री नवी गाडी, नवी माणसं, हे नको.

प्लॉट 17: काका, मला एजंट असं काही बोललाच नाही. तो म्हणाला कुटुंब आहे, शिवाय एफएआर 80 मिळतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या 80 टक्के बांधकाम करता येतं, म्हणून भाव चांगला येतोय.

प्लॉट 8, वकील: 80? आपला भाग व्हीपी-2 या ग्रामपंचायत झोनमध्ये येतो, तिथे 60. म्हणजे 400 चौरस मीटरच्या प्लॉटवर 240 चौरस मीटर. टीसीपीकडून, म्हणजे नगर नियोजन खात्याकडून, झोनिंग दाखला काढा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्या. उद्या त्याचा आराखडा अडला की तो एजंटाला शोधणार नाही, तुम्हाला नोटीस पाठवेल. प्लॉट 5 च्या काकांच्या मुद्द्याबद्दल: पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, ती मिळाली तरी डीडमधली राहत्या घराची अट संपत नाही. म्हणून टोकन घेण्याआधी त्याला डीडची प्रत, बायलॉज आणि थकबाकीचा हिशेब द्या आणि मिळाल्याची सही घ्या. त्याला माहिती नव्हती असं उद्या कुणालाच म्हणता येऊ नये. तुमच्यासाठीही तेच बरं आणि काकांसाठीही.

प्लॉट 14, सीए: टोकनच्या आधी आणखी एक. फॉर्म 1-14 वर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, अजून बाबांचंच नाव आहे ना?

प्लॉट 17: हो. आम्ही दोघं आणि आई, तिघंच आहोत. वाद काही नाही.

प्लॉट 8, वकील: वाद नाही ते छान, पण कागद हवा. गोव्यात अर्धा हिस्सा आईचा स्वतःचाच, कारण लग्नानंतरची मालमत्ता दोघांची. राहिलेला अर्धा तुम्हा भावंडांचा. आधी सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, करा. विक्रीच्या डीडवर तुमच्या पत्नीची आणि ताईंच्या यजमानांचीही सही लागेल. पुण्यात राहतो म्हणून बायकोच्या सहीची गरज नाही असं धरून चालू नका, ऐनवेळी सब-रजिस्ट्रारच्या दारातून परत यावं लागतं. ताई येऊ शकत नसतील तर दुबईच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवू देत. ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यायचं, विसरू नका.

प्लॉट 14, सीए: कराचं थोडक्यात. एकूण किंमत 50 लाख किंवा वर गेली की घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो. विकणारे तीन असले तरी आता एकूण रक्कम धरतात, प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजत नाहीत. ताई अनिवासी असल्या तर त्यांच्या हिश्श्यावर 1 टक्का नाही, भांडवली नफ्याच्या दराने कापावं लागतं. त्यांनी आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मागितला तर बरेच पैसे अडकणार नाहीत. बाबांनी प्लॉट कधी घेतला?

प्लॉट 17: 1996.

प्लॉट 14, सीए: मग 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येईल. त्यासाठी मूल्यांकनकाराकडून अहवाल घ्या. तुम्ही आणि आई भारतातले रहिवासी, म्हणून नफ्यावर 12.5 टक्के बिनइंडेक्सेशन किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून, यातलं कमी पडेल ते. ताईंना ही निवड नाही, त्यांना 12.5. बाकीचं फोनवर बोलू.

प्लॉट 5: दगडांचं पण बघा. नैऋत्येचा दगड जेसीबीने हलवलाय असं मला वाटतं. मापणी करून घ्या. मालक परगावी असले की जमिनीचं काय काय होतं ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. 2022 मध्ये सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली होती.

प्लॉट 17: मापणीचा अर्ज उद्याच देतो. एजंटाला आत्ता फोन केला. गिऱ्हाईक खरंच भाड्याने देण्यासाठीच बघतंय. मी त्याला डीड आणि बायलॉज पाठवतो म्हटलं. तो मागे फिरला तर फिरू दे. आईचंही तेच म्हणणं पडलं, फसवून विकायचं नाही.

प्लॉट 12: आईंना नमस्कार सांगा. देव बरें करूं.

प्लॉट 3, सचिव: संघटनेकडून काय मिळेल ते लिहून ठेवतो. सोमवारपर्यंत वर्षवार थकबाकीचं पत्र, व्याजाशिवाय. व्याज माफ करायला समितीची सही लागेल, ती मी घेतो. पैसे आले की त्याच दिवशी पावती आणि बाकी नसल्याचा दाखला. दाखल्यावर एनओसी हा शब्द नसेल. बायलॉजची सही-शिक्क्याची प्रत सोबत. पर्यटकांना भाड्याने देण्याबद्दल बायलॉजमध्ये स्पष्ट नियम नाही, फक्त डीडमध्ये आहे. तो विषय आणि ट्रान्सफर फी, दोन्ही वार्षिक सभेत. प्लॉट 2 आणि 19 चे मालकही बाहेर असतात, त्यांना मी वेगळं कळवतो.

प्लॉट 22, खजिनदार: हिशेब मी करतो. भाऊ, नवा पत्ता आणि आईंचा नंबर मला पाठवून ठेव.

प्लॉट 5: आणि इथलाच कुणी घेणारा भेटला तर मी सांगेन. शाळेतले एक मास्तर दोन वर्षं जागा शोधत आहेत. बोलून बघू?

प्लॉट 17: जरूर बोला, काका. भाव थोडा कमी झाला तरी चालेल.