वय झालेली पण तेज घोडी
भाऊ, घोडी १८ वर्षांची, तुम्ही कित्येक वर्षांनी खोगिरावर बसणार, आणि सगळे म्हणताहेत ‘म्हातारी आहे, चिंता नको’. मला नाही पटत. सांधे आखडले तरी तिची रग तशीच राहू शकते. आधी पाठ चाचपा. वयानं पाठीवरचं मांस उतरतं, जुनं खोगीर मणक्यावर टेकतं, ती उसळते आणि आपण तिलाच खोडकर ठरवतो! रोजचं काम नसेल तर हरभरा कमी करा, कडबा पुरे. बसल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवा, मग तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळा. उधळली तर लगाम ताणून धरू नका, मोठ्या गोलात वळवा. नांगरलेल्या काळ्या रानात दौड नकोच. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत रेवाल (झपझप पण हिसके न देणारी) चाल दाखवायची हौस पुढच्या दत्तजयंतीला बघू.