मंगळवेढे तालुक्यातील गावाचा इतिहास : साधने कोठे शोधावीत?

प्रश्न
आमचे गाव मंगळवेढे तालुक्यात भीमेकाठी आहे. मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, अर्धे मातीत रुतलेले आहेत आणि आजोबा त्यांना ‘दरोड्यात पडलेले पाटील’ म्हणत. याखेरीज गावाचे जुने काही कोणालाच सांगता येत नाही. १८८४ चे सोलापूर गॅझेटिअर, म्हणजे ब्रिटिश सरकारचा जिल्ह्याविषयीचा माहितीग्रंथ, चाळले, पण आमच्या गावाचे नाव त्यात सापडले नाही. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

उत्तर १
मंगळवेढे त्या काळी ब्रिटिश जिल्ह्यात नव्हते, सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते. अक्कलकोटचेही तसेच, तेथे भोसल्यांचे संस्थान होते. म्हणून गावावर कोणत्या काळी कोणाचा अंमल होता हे आधी ठरवावे, कारण कागद त्या-त्या सत्तेच्या दप्तरात गेलेले असतात. संस्थानी काळासाठी सांगलीकडे चौकशी करावी, पेशवाईसाठी पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तर आहे, आणि आजच्या संपूर्ण जिल्ह्यासाठी १९७७ चे सुधारित गॅझेटिअर पाहावे.

उत्तर २
तहसील कचेरीतील अभिलेख कक्ष विसरू नये. तेथील कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात आणि त्या बहुधा मोडी लिपीत असतात. माझ्या पणजोबांच्या जन्माची नोंद मला मिळाली तेव्हा तीत त्यांचे नावच नव्हते, कारण बारशाआधीच ती झाली होती. ‘मुलगा’ एवढाच शब्द आणि पुढे बापाचे नाव. त्याच बाडात पुढे एका पानावर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘पटकी’ (कॉलरा) हा शब्द ओळीने खाली उतरत गेला होता. त्या साथीबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोलले नव्हते. मोडी मात्र स्वतः शिकावी. दुसऱ्याकडून वाचून घेतले तर विचारले तेवढेच कळते, शेजारची ओळ निसटते.

उत्तर ३
वीरगळांना चुना वा ऑइलपेंट लागण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, तीही सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेली रेषासुद्धा उठून दिसते. सहसा वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि खाली लढाई असते. लढाईशेजारी गायी कोरल्या असतील तर तो गोधनासाठी पडलेला वीर समजावा, आणि मग आजोबांच्या ‘दरोड्या’ला आधार मिळतो. कोठे अक्षरे दिसली तर जाणकाराला ताबडतोब दाखवावीत. भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांच्या शोधामुळेच अभ्यासकांपुढे आला.

प्रश्नकर्ता
सर्वांचा ऋणी आहे. आज पहाटे जाऊन पाहिले. दोन दगडांवर खालच्या चौकटीत गायी स्पष्ट आहेत. तिसऱ्याची ती चौकट अजून मातीखाली आहे. ग्रामपंचायतीशी बोलून रविवारी माती हलक्या हाताने बाजूला करणार आहोत.