सान जिमिन्यानोचे मनोरे: बचाव की बडेजाव?

चुनावीट: काल इथे एकांनी इटलीतल्या सान जिमिन्यानो गावच्या मनोऱ्यांचे फोटो टाकून वर लिहिलं, "मध्ययुगीन व्यापाऱ्यांचा बडेजाव, दुसरं काही नाही." वाचून राहवेना. बडेजाव करणारा माणूस खिडक्या मोठ्या ठेवतो. इथे भिंती प्रचंड जाड, आत जेमतेम शिडी मावेल एवढी पोकळी. गावातली दोन घराणी: अर्दिंगेल्ली पोपच्या बाजूचे, साल्वुच्ची सम्राटाच्या, दोघांचं हाडवैर. गल्लीत तलवारी निघाल्या की वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची.

मुशाफिर: फोटो माझेच. एवढ्याशा गावात 72 मनोरे! 1255 मध्ये ठराव झाला की खासगी मनोरा नगराच्या रोन्योझा मनोऱ्याहून, म्हणजे 51 मीटरहून, उंच नको. जीव वाचवायला पन्नास मीटर लागतात? शेजाऱ्याची जिरवायला लागतात.

चुनावीट: मग फ्लॉरेन्सनं 1250 मध्ये आपल्या शहरातले मनोरे 50 ब्राच्चांवर (तिथलं लांबीचं माप), सुमारे 29 मीटरवर, का छाटले? भपका डोळ्यांत खुपला म्हणून? वरून डोक्यात दगड पडायचे म्हणून!

तगादा: उंची मोजत बसा तुम्ही. पैसा आला कुठून? केशर आणि व्याज. केशराचं कौतुक सगळे गाइड करतात, व्याजाचं नाव काढत नाहीत. आमच्या आजोळी सावकाराची माडी होती. खाली लोखंडी गजांची एकच खिडकी. आजोबांच्या अंगठ्याचा कागद त्या गजांतून आत गेला आणि मळा गेला. आता लोक तिथे नक्षीचे फोटो काढतात.

मुशाफिर: आजोबांचं वाईट वाटतं, पण तस्कनीशी, इटलीतल्या या भागाशी, संबंध काय? प्रत्येक धाग्यावर तुमची माडी येते.

तगादा: येणारच! मळा तुमचा गेला नाही. जाड भिंत शत्रूसाठी असते तशी तिजोरीसाठीही असते, हे दोघांनाही सुचलं नाही.

चुनावीट: तिजोरीचं सोडा. 51 मीटरचा मुद्दा नाइलाजानं मानतो, वरचे मजले चुरशीचेच. खालचे मात्र बचावाचे, त्यावरून हटणार नाही. 1348 ची प्लेग आली, 1353 मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या हाती गेलं, नवं बांधायला पैसा उरला नाही. म्हणून चौदाएक तरी टिकले.

तगादा: टिकले ना? मग पायथ्याशी कर्जदारांसाठीही एक पाटी लावा म्हणावं.